डेलमरचे मऊ टायर

डेलमर हॉग्लंडला त्या उन्हाळ्यात जिंकायची सवय लागली आणि तिच्या पाठोपाठ भाषणं करायची. पहिली आम्ही चालवून घेतली असती.

आमच्या काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर दर रविवारी दुपारी मातीवरच्या शर्यती होतात. चारी बाजूंना मका, मध्ये अंड्याच्या आकाराचा काळा चिखल, आणि त्या चिखलात डावीकडे, पुन्हा डावीकडे, नुसत्या डावीकडेच वळत राहणाऱ्या गाड्या. मी आर्डिस. नवरा गेल्यापासून गाड्यांच्या तळावरचा टायरचा ट्रेलर मी चालवते. टायर विकते, रिमवर चढवते, हवा भरते, फीत लावून मोजते. आणि बाईमाणसाला यातलं काय कळतंय असा चेहरा करून उभ्या राहणाऱ्या पुरुषांना तोच आकडा दोनदा सांगते. अशा पुरुषांत डेलमर पुढारी होता.

धंदा बियाणं विकायचा. रविवारी सकाळी चर्चच्या दारात उभा राहून लोकांना बाक दाखवायचा आणि दुपारी आमच्याकडे गाडी फिरवायचा. शर्यत करायचा असं मी म्हणणार नाही. फिरवायचा. कित्येक वर्षं या माणसाने पुढच्यांच्या चाकांची माती तोंडावर झेलली आणि रात्रीच्या जेवणाला घरी गेला. मग त्या वर्षी आमचे दोन खरे ड्रायव्हर नदीपलीकडच्या नव्या ट्रॅकवर निघून गेले, आणि डेलमर जिंकायला लागला. एवढं साधं होतं ते. गल्लीतली दोन मोठी कुत्री गेली की उरलेल्या मांजराला आपण वाढलोय असं वाटतं.

त्याला मात्र हे कारण पटणं शक्य नव्हतं. माझ्या ट्रेलरच्या पायरीवर बूट ठेवून तो समजावायचा.

"आर्डिस, लोक इंजिनावर जीव टाकतात. वेडे आहेत. शर्यत जिंकतो तो टायर. रबराशी बोलता आलं पाहिजे माणसाला."

"मग आज काय म्हणतंय रबर?"

"ते ऐकायला वेगळे कान लागतात."

वेगळ्या कानांच्या या माणसाला टायरच्या पोटात काय असतं तेही धड ठाऊक नव्हतं. रस्त्यावरच्या मोटारीच्या टायरमध्ये नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो, तो टायरला आवळून धरतो. आमच्या मातीवरच्या टायरला तो पट्टा नाही. नुसत्या दोऱ्यांचे थर, एक तिरपा असा, त्यावर दुसरा तिरपा तसा, आणि वरून रबर. त्यामुळे हवा भरली की तो ताणतो, फुगतो, आणि एकाच साच्यातून निघालेले दोन टायर कधी एकसारखे फुगत नाहीत. बाजूला छापलेला आकार हा मासे धरणाऱ्याने हात पसरून दाखवलेल्या माशाइतकाच खरा. म्हणून फीत लावायची. मागचा उजवा टायर डाव्यापेक्षा घेराने मोठा निवडायचा, म्हणजे गाडी आपण होऊनच डावीकडे कलते. आमच्या ट्रॅकवर येणारं शेंबडं पोरही हे जाणतं. डेलमर मात्र एकदा दोन टायर घेऊन भांडायला आला होता. दोघांवर एकच नंबर छापलाय, मग एक मोठा कसा, तू मला फसवतेस.

"फसवत नाही. मोठा उजवीकडे लाव," मी म्हटलं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला आणि मोठा डावीकडे घेऊन गेला.

त्याची बायको ओपल. उंच, हाडकुळी, तोंड कायम आंबट. टायर न्यायला-आणायला तीच यायची. डेलमर ड्रायव्हर ना, ओझी उचलणार कशी. ती एकेक टायर गडगडवत न्यायची आणि कोणाशी चकार शब्द बोलायची नाही. मला ती आवडत नव्हती. नवऱ्याने हाक मारली की ती लगेच उठायची, आणि लगेच उठणाऱ्या बायका मला सोसत नाहीत. त्या वर्षी ती भर उन्हात रबरी हातमोजे घालून यायला लागली. मोज्यांच्या वर, मनगटाशी, कातडी लाल होऊन सोललेली दिसायची. आणि तिच्या ट्रकला एक वास यायला लागला. गोडसर, डोकं धरणारा, रंग काढायच्या औषधासारखा.

तो वास तळावर कोणाला ओळखू येत नव्हता असं नाही. मातीवरच्या शर्यतींना लागलेली ही जुनी कीड आहे. एक द्रव मिळतो. तो टायरच्या नक्षीला फासायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचा, पुन्हा फासायचा. रबर मऊ पडतं आणि माती घट्ट धरतं. नियमात बसत नाही, शिवाय मूर्खपणा आहे. तो द्रव वरच्या रबरात थांबत नाही. जिथे नक्षी दोऱ्यांच्या थरांना चिकटवलेली असते तिथवर मुरतो, आणि मग कधीतरी भर वळणावर अख्खी नक्षी सालीसारखी सुटून येते. पण जिंकायला निघालेल्या माणसाला हे सांगून उपयोग नसतो.

"डेलमरच्या कोठारात काय चाललंय?" मी एकदा व्हर्जिलला विचारलं. व्हर्जिल आमच्या संघटनेचा पंच. भला माणूस, पण खुर्चीत बसला की उठायला त्याला कारण लागतं.

"मी सुई लावून पाहिली," तो म्हणाला. रबरात सुई टोचून मऊपणा दाखवणारं एक घड्याळ असतं त्याच्याकडे. "आकडा हद्दीत आहे. उन्हातला टायर थोडा मऊ लागायचाच. तक्रार नाही तर तपासणी नाही."

तक्रार कोण करणार? सगळ्यांच्याच कोठारात काही ना काही असतं.

त्या सगळ्यांत एकीच्याच कोठारात काही नव्हतं, कारण तिच्याकडे कोठारच नव्हतं. मार्लिस पोचोप. पहाटे गोठ्यागोठ्यांतून दूध गोळा करणारा टँकर चालवायची आणि रविवारी बापाची जुनी गाडी घेऊन यायची. दुसऱ्यांनी टाकून दिलेले टायर ती उचलून न्यायची. उजव्या बाजूचा मागचा टायर सगळ्यात आधी जातो, त्याची एक कड घासून गुळगुळीत होते आणि खाचांच्या धारा बोथट होतात. मार्लिस तो रिमवरून काढून उलटा चढवायची, म्हणजे न झिजलेली धार मातीला लागते, आणि तापलेल्या पात्याने खाचा नव्याने कोरायची. तोंडात चघळायला सूर्यफुलाच्या बिया आणि मांडीवर टायर, अशी ती माझ्या ट्रेलरच्या सावलीत बसलेली असायची.

"तुझे टायर पाहून मला माझ्या सासूचे दात आठवतात," मी म्हणायचे.

"चावत होती ना सासू? मग झालं."

जुलै संपता संपता आठवडाभर पाऊस नव्हता. त्या रविवारी ट्रॅकवर पाणी मारलं ते वाऱ्याने तासाभरात पिऊन टाकलं, आणि माती सिमेंटसारखी चकचकीत झाली. अशा मातीवर नवा टायर म्हणजे संकट. जाड नक्षी लवकर तापते, तापली की तिला फोड येतात आणि गाडी बर्फावर गेल्यासारखी सरकते. झिजलेला टायर पातळ असतो, तो तितका तापत नाही. डेलमर नव्याकोऱ्या टायरवर सगळ्यांच्या पुढे होता, शेवटच्या वळणापर्यंत. तिथे त्याची गाडी बाहेरच्या बाजूला सरकत गेली, पार मक्याच्या दिशेने, आणि मार्लिस आतून शांतपणे निघून गेली. लोक उभे राहिले. मी पण.

डेलमर गाडीतून उतरला तो हेल्मेट न काढताच व्हर्जिलकडे गेला.

"तिच्या टायरना काहीतरी लावलंय," तो म्हणाला.

"कोणाच्या?"

"या दूधवालीच्या. झिजलेल्या टायरवर अशी पकड बसते? मी मूर्ख आहे का?"



मार्लिस टायरवरची माती खरवडत होती. "डेलमर, मी त्यांना दूधसुद्धा लावलेलं नाही," ती म्हणाली.

"विनोद करू नकोस. मी तक्रार करतोय. सगळ्यांसमोर. या खेळात प्रामाणिकपणा काही उरलाय की नाही? आमच्यासारख्यांनी घाम गाळायचा आणि—"

"ठीक आहे," व्हर्जिल खुर्चीतून उठला. "तक्रार नोंदली. मार्लिसच्या उजव्या मागच्या टायरचा तुकडा कापतो. आणि तुझ्याही."

"माझ्या कशाला?"

"तक्रार करणाऱ्याचाही तोच टायर तपासायचा. गेल्या हिवाळ्यात ठरलं ते. तूच हात वर केला होतास."

डेलमरचं हेल्मेट अजून डोक्यावर होतं, म्हणून चेहरा पुरता दिसला नाही. पण मान दिसत होती. ती पांढरी पडली.

"तसं असेल तर जाऊ दे," तो म्हणाला. "बिचारी पोर आहे. एखाद्या वेळी जिंकली. मी माफ केलं."

"तू माफ केलंस, मी नाही केलं," मार्लिस म्हणाली. "काप, व्हर्जिल."

व्हर्जिलने दोन्ही गाड्यांच्या टायरवरून रबराची एकेक पातळ साल काढली, दोन डब्यांत घालून डबे सगळ्यांदेखत बंद केले आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेकडे पाठवून दिले. तिथे आमच्यासारख्यांची गर्दी बरीच असते. उत्तर यायला महिना तरी लागतो. ओपल थोडी लांब, थंड पाण्याच्या पेटीवर बसून होती. तिने हे सगळं पाहिलं आणि पेटीतली एक बाटली काढून प्यायली. मला वाटलं, बाईला कशाचंच काही वाटत नाही.

पुढच्या रविवारी डेलमर इस्त्रीचा शर्ट घालून आला. शर्यतीआधी सगळे ड्रायव्हर माइकपाशी जमतात, व्हर्जिल सूचना देतो, झेंड्यांचे नियम सांगतो. त्या दिवशी डेलमरने माइक मागून घेतला. चर्चमध्ये घोषणा करायची सवय असल्याने त्याचा आवाज मैदानाच्या पार त्या टोकाला आइस्क्रीमच्या रांगेपर्यंत पोचला.

"मित्रांनो," तो म्हणाला, "माझ्या मनावर एक ओझं आहे. माझ्या टायरना नियमाबाहेरचं काही लावलं जात होतं, हे मला या आठवड्यात कळलं. मी ते लावलं नाही. मला त्याची कल्पनाही नव्हती. माझ्या बायकोने केलं. मी जिंकावं या वेड्या मायेपोटी तिने माझ्या नकळत केलं. मी तिला माफ केलंय. तुम्हीही करा, एवढीच विनंती."

आणि तो रडला. अगदी खरं पाणी आलं डोळ्यांत. माणसाला स्वतःबद्दल किती हळहळ वाटू शकते ते मी त्या दिवशी पाहिलं.

सगळ्यांच्या माना ओपलकडे वळल्या. ती ट्रकपाशी उभी होती, एका हातात टायर, दुसऱ्या हातात हातमोजे. गालांवर दोन लाल ठिपके उमटले. वाटलं, आता बोलेल. ती टायर गाडीकडे गडगडवत घेऊन गेली आणि जागेवर लावायला बसली. नट आवळताना तिचे खांदे हलत होते, बाकी काही नाही.

काही बाया माझ्याकडे येऊन हळहळल्या. काही म्हणाल्या, मला आधीच वाटलं होतं, गप्प बायका अशाच असतात. व्हर्जिलने ठरवलं की कबुली मिळाली तरी प्रयोगशाळेचं उत्तर येईपर्यंत शिक्षा नको. डेलमरने मोठ्या मनाने दोन रविवार शर्यतीत भाग घेतला नाही. नुसता तळावर हिंडायचा आणि लोक त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. एक जण मला म्हणाला, "बायकोचा गुन्हा चारचौघांत अंगावर घेतला त्याने."

"अंगावर घेतला?" मी म्हटलं. "अरे, तिच्या अंगावर टाकला. कान आहेत का तुला?"

त्याच रविवारी ओपल माझ्या ट्रेलरपाशी आली. तिच्याकडे न्यायला टायर नव्हते, आणायलाही नव्हते. मी खिमा भरलेले पाव आणले होते, त्यातला एक तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला आणि पायरीवर बसून खाल्ला. हातमोजे नव्हते. मनगटं केव्हाच बरी झालेली दिसत होती; मग माझ्या लक्षात आलं की जूनपासून मी मोजेच पाहत होते, त्यांखालचे हात नव्हे.

"तू त्याला सोडून का जात नाहीस?" मी विचारलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

"कुठे जाऊ? घर माझ्या बापाचं आहे."

"मग त्याला घालव."

"उत्तर येऊ दे," ती म्हणाली.

"उत्तर आल्यावर काय वेगळं होणार आहे?"

तिने बोटाला लागलेली मोहरी चाटली. "मला त्याचं तोंड पाहायचंय."

मला वाटलं, हिला नवऱ्याला झालेली शिक्षा पाहायची आहे. सुडाचा एवढाच मार्ग उरला असेल बिचारीला.

उत्तर ऑगस्टच्या अखेरीला आलं, फोनवर, शर्यतीच्या दिवशी सकाळी. व्हर्जिलने ते दुपारी माइकवरून सांगितलं. तो दोनदा खाकरला. पंच झाल्यापासून त्याला असं काही सांगायची वेळ आली नव्हती.

"मार्लिस पोचोपचा टायर स्वच्छ. कारखान्यातून आला तसा." तो थांबला. "डेलमर हॉग्लंडचा टायरही स्वच्छ. त्यात काहीही सापडलेलं नाही."

मग डेलमर पुढे आला.

"चूक आहे," तो म्हणाला.

"काय चूक आहे?"

"प्रयोगशाळेची. डबे बदलले असतील. माझ्या टायरमध्ये सापडायलाच पाहिजे."

"डेलमर," व्हर्जिल हळू म्हणाला, "ते म्हणताहेत तू निर्दोष आहेस."

"मी कसा निर्दोष असेन? मी स्वतः आणून देत होतो ती—" आणि तो थांबला. पण माइक व्हर्जिलच्या हातात होता आणि व्हर्जिलचा हात दोघांच्या मध्ये होता. आइस्क्रीमच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

"आणून देत होतास?" मार्लिसने विचारलं. "त्या दिवशी तर म्हणत होतास कल्पनाही नव्हती."

डेलमर ओपलकडे वळला. "काय केलंस तू?"

ओपल पुढे आली. तिने माइक मागितला नाही, पण व्हर्जिलने तो आपण होऊन तिच्याकडे सरकवला.

"भांड्यांचं पाणी लावलं," ती म्हणाली. "साबणाचं. जूनपासून. पहिले दोन आठवडे तू दिलेलं औषध लावलं, माझे हात सोलले, कोठारातली मांजरं पळून गेली आणि माझ्या पावाला तो वास यायला लागला. मग मी ते सगळं कुंपणापाशी ओतलं, तिथल्या काटेरी झुडपांवर. झुडपं मेली. चांगलं औषध आहे."

"पण वास यायचा," डेलमर म्हणाला. "मी दारापर्यंत यायचो तेव्हा वास यायचा."

"चिंधी टांगली होती दाराला, त्यात बुडवलेली. आत तू कधी आलास? तुझं डोकं दुखायचं ना."

"आणि सुईचा आकडा? मी सुई लावून पाहायचो."

"तू सांगितलेल्या वेळेच्या आधी मी टायर पत्र्यापाशी उन्हात लावून ठेवायची. तापलं की मऊ होतं, डेलमर. रबर आहे ते. तू बोलतोस ना त्याच्याशी."

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मी हसले नाही असं म्हणणार नाही. व्हर्जिल पाठ फिरवून चष्मा पुसत होता, त्याचे खांदे गदगदत होते.

"मग आधी का बोलली नाहीस?" डेलमर म्हणाला. त्याचा आवाज चर्चचा राहिला नव्हता.

"तू जिंकत होतास. जिंकलास की घरी जरा माणसासारखा वागायचास. मला ते बरं वाटत होतं." ती थोडी थांबली. "आणि त्या दिवशी तू या माइकवर बोललास तेव्हा मी विचार केला. मी तुझं ऐकलं असतं, खरंच ते औषध लावलं असतं, तरी तू हेच बोलला असतास. फरक एवढाच की मग ते खरं निघालं असतं आणि मी या सगळ्यांसमोर चोर ठरले असते. हेच शब्द, हेच रडणं."



संघटनेने डेलमरला शिक्षा करायची की नाही यावर बराच खल झाला. टायर स्वच्छ होते, म्हणजे त्याचे विजय खरे. मनात पाप होतं, पण मनाची साल काढून डब्यात घालता येत नाही. शेवटी व्हर्जिल म्हणाला, चालवू दे त्याला. माझ्या मते तीच सगळ्यात मोठी शिक्षा होती.

कारण डेलमर त्याच दुपारी गाडीत बसला, आणि सगळ्यांनी पाहिलं. आत्तापर्यंत तो वळणात बेधडक घुसायचा, खाली मऊ टायर आहेत या भरवशावर. ते टायर तेव्हाही इतरांसारखेच होते आणि आजही तसेच होते. बदललं होतं फक्त त्याला कळलेलं. पहिल्याच वळणाला त्याने पाय उचलला. दुसऱ्याला ब्रेक दाबला. मातीवर त्या जागी ब्रेक कोणी दाबत नाही. गाडी गरकन फिरली आणि तोंड उलटीकडे करून उभी राहिली, आणि बाकीच्या गाड्या तिला वळसा घालून निघून गेल्या. त्यानंतरच्या रविवारी तो शेवटून दुसरा आला. शेवटचा जो होता त्याचं इंजिन बंद पडलं होतं.

घरी ओपलने एकच गोष्ट मागितली: जिथे बोललास तिथेच जाऊन परत बोल. तो म्हणाला, घरात बोलतो की, माफ कर, झालं. ती म्हणाली, घरात नाही बोललास, माइकवर बोललास. त्याने आधी चिडून पाहिलं, मग पाय दुखतो म्हणून पाहिलं, मग पाद्रीबाबांना मध्ये घातलं. पाद्रीबाबा ओपलच्या स्वयंपाकघरात बसून रताळ्याचा केक खाऊन गेले आणि जाताना म्हणाले, की ती म्हणते ते बरोबर आहे. तोवर ओपलने टायरना हात लावायचं सोडलं होतं. डेलमर स्वतः टायर उचलून माझ्याकडे आणायचा आणि धापा टाकत विचारायचा, आता मोठा कुठल्या बाजूला.

"तुला माहीत आहे ना?" मी म्हणायचे.

शर्यतींच्या शेवटच्या रविवारी त्याने माइक घेतला. इस्त्रीचा शर्ट नव्हता. म्हणाला, "त्या दिवशी माझ्या बोलण्याने जर कोणाला वाईट वाटलं असेल तर मला खेद आहे." एवढं म्हणून तो माइक परत द्यायला लागला.

"जर कोणाला?" ओपलने खालून विचारलं. ती जोरात बोलली नव्हती.

तो उभा राहिला. त्याचा सबंध चेहरा घामाने चमकत होता. "ओपलला," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. ते औषध मीच आणलं, मीच लावायला सांगितलं." मग तो खाली उतरला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला. कोणी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ओपलने मान हलवली, दुकानात माल तपासून घेतल्यावर हलवावी तशी, आणि माझ्याकडे येऊन विचारलं, पुढच्या वर्षी ट्रेलरवर माणूस हवंय का?

"तुला बोलता येतं का गिऱ्हाइकांशी?"

"येतं. आवडत नाही."

"मग जमेल," मी म्हटलं.

नोव्हेंबरात मका निघाला, ट्रॅकला कुलूप लागलं. धान्याच्या कोठीपाशी सकाळी कॉफी प्यायला शेतकरी जमतात. डेलमर बियाणांच्या ऑर्डरी घ्यायला तिथे जातो. त्या दिवशी मी आणि ओपल कोठीच्या मालकाच्या ट्रकचे टायर बघायला गेलो होतो. बाहेरच्या कडा झिजल्या होत्या, हवा कमी ठेवून चालवतो, सांगितलं तरी ऐकत नाही. आत आलो तर डेलमर लांब टेबलाच्या टोकाला बसून बोलत होता. आमच्याकडे पाठ होती. एक पाय बाजूच्या खुर्चीवर.

"...अरे, सगळे मला मूर्ख समजले," तो सांगत होता. "मीच तिला म्हटलं होतं, पाणी लाव. संघटनेची परीक्षा घ्यायची होती मला. बघू या, यांना खरं-खोटं कळतं का. सगळा बेत माझा. शर्यत डोक्याने जिंकतात."

समोरचे शेतकरी कपात बघत होते, कारण त्यांना आम्ही दिसत होतो.

ओपलने कोटाची बटणं सावकाश काढली, भांड्यातली कॉफी स्वतःच्या कपात ओतली, आणि त्याच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिली.

"मग रडलास कशाला, डेलमर?" तिने विचारलं.

त्याने खुर्चीवरचा पाय खाली घेतला. ती त्या खुर्चीवर बसली आणि कॉफी पीत उत्तराची वाट पाहू लागली. तिला घाई नव्हती. टेबलावरच्या कोणालाच नव्हती.